धुक्यातली दुसरी मुलगी

माझ्या मामीला अकरा जणांचा मत्सर वाटायचा, आणि त्या अकरांत एक तिचा नवरा होता.

मामाची विद्यापीठातली बॅचच अकरा जणांची. विद्यापीठ लहान, गावाच्या टोकाला, दोन टेकड्यांच्या मधे. जिऑलॉजीला त्या वर्षी दहा मुलगे आणि एक मुलगी एवढीच भरती झाली होती. शिकून बाहेर पडल्यावर सगळे पांगले. कुणी खाणीत, कुणी धरणावर, कुणी सिमेंटच्या कारखान्यात, आणि एक जण तर दगड सोडून विमा विकायला लागला. मामा तेवढा गावातच राहिला, भूजल खात्यात. त्यामुळे वर्षातून एकदा बॅच जमायची ती मामाच्याच घरी.

मामाच्या घराची पुढची खोली म्हणजे मामीचं शिवणाचं दुकान. दोन मशीन, एक इंटरलॉकचं, आणि मधे कापड बेतायचं लांबलचक टेबल. बॅच यायची त्या दिवशी मामी टेबलावरचे तुकडे, खडू, टाचण्यांचा डबा सगळं उचलून पलंगाखाली सारायची आणि टेबलावर ताटं मांडायची. मग दोन दिवस ते लोक तिथं बसून तेच ते किस्से सांगायचे आणि तेवढ्याच जोरात हसायचे. मामी वाढत असायची. एकवीस वर्षांत तिला सगळे किस्से पाठ झाले होते. कुठल्या किस्स्यात कोण कुठल्या शब्दाला टाळी देणार, हेसुद्धा तिला आधीच कळायचं.

"सवत एक असती तर झिंज्या उपटल्या असत्या," ती मला म्हणायची. "मला दहा आहेत. त्यातल्या नऊ मिशीवाल्या!"

दहावी म्हणजे कप्तान. बॅचमधली एकुलती एक मुलगी. तिला कप्तान का म्हणायचे ते कुणालाच नीट आठवत नव्हतं. ती आता एका मोठ्या खाण कंपनीत वरच्या हुद्द्यावर होती. केस कापलेले, चालणं पुरुषी, आवाज खणखणीत. दारातून आत आली की बॅग टाकायची आणि मामाच्या पाठीत धपका घालायची, "काय डब्या, पोट सुटलं की रे!" मामाला डबा म्हणायचे, कारण शिकताना तो स्वतःचा डबा कधी आणायचा नाही आणि सगळ्यांच्या डब्यात हात घालायचा.

"मी आपली अहो अहो करते," मामी धुमसायची, "आणि ही डब्या! आता मीच म्हणू का डब्या? बरं दिसेल?"

यामागं आणखी एक दुखणं होतं. बारावीनंतर मामीनंही त्याच विद्यापीठाचा फॉर्म भरला होता. वनस्पतीशास्त्राचा. फोटो चिकटवून, सह्या करून तयार होता. त्याच आठवड्यात तिची आई जिन्यावरून पडली, खुबा मोडला, आणि घरात कुणीतरी लागणार म्हणून मामी घरी राहिली. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढच्या वर्षी शिवणाचा क्लास लावला. विद्यापीठाशी तिचा संबंध आला तो थेट दीक्षान्त समारंभाच्या झग्यांमुळे. ते काम तिच्याकडे यायचं. दरवर्षी नवे शिवायचे, जुने उसवलेले दुरुस्त करायचे. "गावातल्या निम्म्या पदवीधरांच्या खांद्याचं माप मला माहीत आहे," असं ती म्हणायची, आणि म्हणताना ओठ असे दाबायची की पुढं काही विचारू नये.

बॅचच्या सगळ्या किस्स्यांत सगळ्यात मोठा किस्सा धुक्याचा. दुसऱ्या वर्षी त्यांची सहल डोंगरावर गेली होती, दगडांचे थर बघायला. बरोबर त्यांचे सर. खिशात कायम नकाशे, म्हणून त्यांना नकाशेसर म्हणायचे. दुपारी अचानक धुकं उतरलं. ओढा ओलांडताना सर घसरले, आणि त्यांची पिशवी खाली दरीत गेली. पिशवीत नकाशा, सरांचा चष्मा आणि विभागाकडं असलेलं एकुलतं एक होकायंत्र. पुढचा माणूस दिसेना, वाट तर नव्हतीच. सर एका दगडावर बसले आणि म्हणाले, "मुलांनो, आता धीर धरा." त्यावर मुलांचा होता तोही धीर सुटला.

तेव्हा कुणीतरी म्हणालं, "सकाळी आपण मोजलं ना? इथले सगळे थर रस्त्याच्या बाजूला कलतात. उघडा दगड दिसेल तिथं हात लावून बघू, आणि कलेल तिकडं चालू."

तसंच केलं. दगडामागून दगड चाचपत तीन तासांनी सगळे रस्त्याला लागले.

आता हे वाक्य म्हणालं कोण, यावर एकवीस वर्षं भांडण चालू होतं. विमावाला म्हणायचा मी. धरणावरचा म्हणायचा, "हट्, तू तर रडत होतास!" मामासुद्धा दबक्या आवाजात स्वतःचा हक्क सांगायचा. पाचव्या का सहाव्या वर्षी मामीनं ताट पुढं करता करता सहज विचारलं होतं, "पण नक्की कोण म्हणालं ते कुणालाच कसं आठवत नाही?"

विमावाला हसून म्हणाला, "वहिनी, तुम्ही थोड्याच होता तिथं! तुम्हाला नाही कळायचं ते."

सगळे हसले. मामी स्वयंपाकघरात गेली आणि उगाच नळ सोडून उभी राहिली.

विद्यापीठाला पन्नास वर्षं झाली तेव्हा माजी विद्यार्थ्यांचा मोठा मेळावा ठरला आणि स्मरणिका काढायचं ठरलं. प्रत्येक बॅचनं एक लेख द्यायचा. गावात राहणारा म्हणून ते मामाच्या गळ्यात पडलं. मामा तीन संध्याकाळी कोरा कागद घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी कागदावर एक वाक्य होतं: 'आमची बॅच म्हणजे एक कुटुंबच होते.' पुढं पेनची शाई गळून झालेला डाग.

"द्या इकडं," मामी म्हणाली.

चार दुपारी ती मशीनवर कागद ठेवून लिहीत होती. तिला थांबावं लागलंच नाही. प्रयोगशाळेतला तराजू, वसतिगृहाची गळकी टाकी, सरांचे नकाशे, सगळं सरसर उतरत गेलं. ती धुक्याच्या किस्स्याशी आली आणि तिथं अडली. ते वाक्य कुणाच्या तोंडी घालायचं? एकाच्या घातलं तर नऊ जण रुसणार. नवऱ्याच्या घातलं तर म्हणणार, स्वतःचीच लाल. आणि खरं सांगायचं तर तिला ते कुणालाच द्यायचं नव्हतं. इतकी वर्षं ऐकून ऐकून ते तिला आपलं वाटायला लागलं होतं.

मग तिनं लिहिलं: 'आमच्या बरोबर त्या दिवशी वनस्पतीशास्त्राची एक विद्यार्थिनी आली होती, नेचे गोळा करायला. ती आमच्यातली नव्हती, परंतु ती सर्वांत शांत होती. ती म्हणाली,' आणि पुढं ते वाक्य.

"लिहिताना दोनदा दाराकडं बघितलं गं," मामीनं मला सांगितलं. "चोरी करताना बघतात तसं. पण काय बरं वाटलं!"

संध्याकाळी मामानं लेख वाचला. पानापानाला हसला. धुक्याशी आल्यावर थबकला.

"ही कोण?"

"तुम्हीच तर सांगितलं होतंत एकदा," मामी बॉबिनमध्ये दोरा भरत म्हणाली.

मामा छताकडं बघत राहिला. "हां... होती खरी," तो म्हणाला. "पाचोळ्यासारखं काहीतरी पिशवीत भरत होती."

मामीच्या हातातला दोरा तुटला.

मेळाव्याच्या दिवशी विद्यापीठाच्या फाटकाशीच बिल्ले वाटत होते. माजी विद्यार्थ्यांना निळा, त्यावर वर्ष. सोबत आलेल्यांना पांढरा, त्यावर नुसतं 'कुटुंबीय'. मामीनं पांढरा बिल्ला पदराखाली लावला. हॉलमध्ये ज्यांचे झगे तिनं शिवले होते ते लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. कुणी टक्कल पडलेले, कुणी मुलं घेऊन आलेले, आणि सगळे एकदम अठरा वर्षांचे झालेले. "मला वाटलं, हे लोक एका मोठ्या ताटातून जेवतायत आणि मी दारात उभी आहे," मामी म्हणाली. "भूक नव्हती, तरी पोटात दुखलं."

बॅच एका कोपऱ्यात जमली. स्मरणिका हातोहात फिरली. विमावाल्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. धुक्याचा भाग आला, वनस्पतीशास्त्राची विद्यार्थिनी आली.

"अरे, ती!" धरणावरचा ओरडला. "दोन वेण्यांची!"

"चष्मा होता तिला," दुसरा म्हणाला.

"चष्म्याचं सोड, माझं भिंग नेलं तिनं. आजपर्यंत परत दिलं नाही!" सिमेंटवाला म्हणाला, आणि खरोखर चिडला.

विमावाल्यानं मान हलवली. "खरंय. तीच म्हणाली. मी तिच्या पाठोपाठ म्हणालो, म्हणून माझ्या लक्षात राहिलं."

एकवीस वर्षांचं भांडण पाच मिनिटांत मिटलं. दहांतल्या कुणाला दुसऱ्याला मान द्यावा लागला नाही, म्हणून सगळे खूश. मामीला तर पंख फुटल्यासारखं झालं. तिच्या हातची मुलगी यांच्यात जाऊन बसली होती, आणि तिला सगळे ओळखत होते! तिला राहवेना. "कशी होती हो ती दिसायला?" तिनं विचारलं.

"उंच," मामा म्हणाला. मामी बुटकी आहे.

कप्ताननं तेवढी स्मरणिका मागून घेतली, ते पान दोनदा वाचलं, मिटून परत दिली आणि बाहेर गेली. थोड्या वेळानं मामी पाणी प्यायला उठली तेव्हा कप्तान तिला विभागाच्या बोळात गाठ पडली. तिथं काचेच्या कपाटांत दगड मांडले होते, प्रत्येकाला चिठ्ठी.

"वहिनी, लेख तुम्ही लिहिलात ना?"

चोराच्या मनात चांदणं. "छे, यांनीच लिहिलाय," मामी म्हणाली.

"डबा 'परंतु' लिहील? त्याची पत्रं येतात मला. वर्षातून एक, वाढदिवसाला. तीन ओळी, त्यातली एक 'बाकी ठीक'."

मामीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे तुम्हाला पत्र लिहितात?"

"वहिनी, विषय बदलू नका." कप्तानचा आवाज खाली आला होता. असा आवाज मामीनं तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "ते वाक्य माझं होतं."

"मग इतकी वर्षं गप्प का बसलात?"

"बोलले होते की. त्याच संध्याकाळी, परत येताना बसमध्ये. विमावाला म्हणाला, हो हो, तूच म्हणालीस, आणि धुकंही तूच पांगवलंस, कप्तानसाहेब! सगळे हसले. डबासुद्धा हसला. तेव्हापासून मी कप्तान." ती कपाटाच्या काचेवर बोट फिरवत होती. "पुढं जो तो आपलंच म्हणायला लागला. म्हटलं, भांडू देत. ते भांडतायत तोवर ते कुणाचंच नाही, जागा रिकामी आहे. तुम्ही तिथं एक मुलगी आणून बसवलीत. आता दहाही जण उठून तिला जागा देतायत. मला कधी दिली नाही."

मामी मला पुढं म्हणाली, "लाज वाटली, नाही असं नाही. पण आधी काय वाटलं सांगू? वाटलं, म्हणजे हेही हिचंच निघालं! एक गोष्ट उचलली आयुष्यात, तीही नेमकी हिच्या खिशातून!"

पण मामी मनानं वाईट नाही. रात्रभर तिनं कूस बदलली असेल नसेल, मला माहीत नाही. सकाळी बॅच चहाला घरी आली, सगळे त्या टेबलाभोवती बसले, आणि तिनं किटली खाली ठेवली.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "लेख मी लिहिलाय. ती मुलगी नव्हतीच. मी घातली ती. मनानं."

विमावाला हसायला लागला. "वहिनी, लेख तुम्ही लिहिलात यात शंकाच नाही, डब्याला कुठलं येतंय! पण मुलगी होती."

"नव्हती हो. मीच घातली."

"माझं भिंग मग कुणी नेलं?" सिमेंटवाल्यानं विचारलं.

"ते वाक्य कप्तानचं होतं," मामी म्हणाली. तिचा आवाज चढला. "विचारा तिला!"

सगळ्यांनी कप्तानकडं पाहिलं. कप्तान कपात बघत होती. "माझंच होतं," ती म्हणाली.

"हे बघा, दोघींनी ठरवलंय!" धरणावरचा टाळी वाजवत म्हणाला. आणि विमावाला, चहाचा घोट घेऊन, अगदी प्रेमानं म्हणाला, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्ही थोड्याच होता तिथं!"

मामी लालबुंद झाली. तिनं कप्तानकडं पाहिलं. कप्तानचे खांदे आधी नुसते हलले, मग तिनं तोंडावर हात दाबला, आणि मग दोघी अशा हसत सुटल्या की मामीला टेबलाला धरून उभं राहावं लागलं. पुरुषांना वाटलं, गंमत कबूल झाली. तिथल्या तिथं ठरलं की वनस्पतीशास्त्र विभागाला पत्र लिहायचं, त्या मुलीचा शोध घ्यायचा आणि पुढच्या मेळाव्याला तिला सन्मानानं बोलवायचं. विमावाल्यानं पत्राची जबाबदारी घेतली.

ते गेल्यावर मामा कप विसळत होता. बराच वेळ एकच कप.

"खरंच नव्हती का गं ती?" त्यानं विचारलं.

"नव्हती."

"मला दिसते ना पण. पिशवी घेऊन." मग नळ बंद करून म्हणाला, "पुढं कप्तान होती. तिच्या मागं मी. दगडाला पहिला हात तिनं लावला. बसमध्ये मी हसलो तिला, ते आठवतंय."

"मग फोन करा आणि सांगा तिला."

हे बोलून गेली आणि पस्तावली. मामानं रविवारी फोन केला. पहिली दोन मिनिटं तो हळू बोलत होता. मग जो हसायला लागला तो चाळीस मिनिटं. मामी पुढच्या खोलीत, तोंडात टाचण्या धरून, एका शाळेच्या गणवेशाची कॉलर उसवत होती. कॉलर मुळात बरोबर बसली होती. "मीच काडी लावली, मलाच चटका," ती म्हणाली. त्यानंतर कप्तान मामाशी बोलून झालं की मामीलाही फोन मागायला लागली. त्यावर मामीचं म्हणणं, "मेहेरबानीच की!" पण फोनची वाट बघायची.

चार महिन्यांनी विमावाल्याचं पत्र आलं. विभागानं जुनी हजेरीबुकं काढून त्या वर्षीच्या तीन विद्यार्थिनींचे पत्ते दिले होते. दोघींनी नाही म्हणून कळवलं होतं. तिसरी एका दूरच्या गावात कॉलेजात शिकवत होती. तिनं लिहिलं होतं, 'धुके चांगले आठवते. नेचेही आठवतात. जिऑलॉजीच्या मुलांबरोबर मी एकदा गेले होते खरी. बहुधा ती मीच.'

मामीनं पत्र वाचलं, परत वाचलं, आणि तशीच उठून कप्तानला फोन लावला.

"अहो, ऐकलंत का? ती सापडली म्हणे!"

"कोण?"

"माझी मुलगी! कुणी बाई म्हणतेय, ती मीच. आयत्या बिळावर नागोबा! काय बाई धीट तरी! मी चार दुपारी खपून लिहिली, आणि ही म्हणते बहुधा मीच!"

पलीकडून कप्तान म्हणाली, "वहिनी, आता कळलं ना मला कसं वाटलं ते?"

"कळलं," मामी म्हणाली. "पण तुमचं वेगळं. तुम्ही निदान होता तिथं."

पुढच्या मेळाव्याला ती बाई आली. खरंच उंच होती, चष्मा होता. निळा बिल्ला लावून पहिल्या रांगेत बसली. नऊ मिशीवाल्यांनी तिच्याभोवती कोंडाळं केलं, सिमेंटवाल्यानं भिंगाचा विषय काढला, आणि तिनं लगेच माफीही मागून टाकली. तिला व्यासपीठावर बोलावलं, शाल दिली, टाळ्या वाजल्या. ती दोन शब्द बोलली तेही बरं बोलली. म्हणाली, छोट्या विद्यापीठात कुणी परकं नसतं. हॉलमध्ये काही जणांनी डोळे पुसले. मामानं पुसले नाहीत. तो उठून मागच्या रांगेत येऊन बसला होता, कप्तानच्या एका बाजूला.

दुसऱ्या बाजूला मामी. तिनं त्या बाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"डावा खांदा उतरता आहे," ती कप्तानच्या कानात म्हणाली. "कुठलाही झगा घाला, एका बाजूनं लोंबणारच."

"लोंबू दे," कप्तान म्हणाली.